खारी जमीन, धानाची बांधी आणि मुळांना येणारा निरोप

भंडारा जिल्ह्याची जमीन खारी नाही. पुढचा सगळा लेख मिठाविषयी आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. वैनगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. बांधीतून बांधीत, बांधीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत उतरणारे पाणी मातीतले क्षार दर पावसाळ्यात धुऊन नेते. इथल्या शेतकऱ्याने जमिनीला दिलेली जुनी नावे पाहा : कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बरडी. काळ्या चिकण मातीपासून पिवळ्या रेताड आणि दगडाळ मातीपर्यंत सगळे प्रकार त्यांत आले. मिठाच्या जमिनीसाठी मात्र या पाचांत नाव नाही.

इतर ठिकाणी अशी नावे भरपूर आहेत. पुणे-सांगलीकडे चोपण, खारवट, क्षारपड. कोकणात खार आणि खाजण. आपल्याच विदर्भात अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला खारपाणपट्टा, ज्यात जवळपास नऊशे गावे येतात. उत्तरेत गेलो तर रेह, कल्लर, ऊसर. जिथे दुखते तिथे शब्द जास्त असतात. भंडाऱ्याला हा शब्दच लागला नाही, आणि त्यामागे इथल्या पाण्याचा इतिहास आहे.

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले. नवेगावबांध (आता गोंदिया जिल्ह्यात) आणि साकोलीजवळचा शिवनीबांध ही त्यांतली मोठी नावे. लहान तलाव आणि बोड्या तर गावोगाव आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, नागपूर वसवले आणि बाहेरून कसबी शेतकरी व कारागीर आणून आपल्या राज्यात स्थायिक केले. इतिहासात त्याच्या धर्मांतराची चर्चा जितकी होते, तितकी त्याच्या या वसाहतीची होत नाही. पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या नावावर गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप होऊन लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. नाते जोडले गेले, पण गाळ काढायला मामाकडे कोणी फिरकले नाही, ही गोष्ट वेगळी.

या तलावांची एक खोड महत्त्वाची आहे. त्यांचे पाणी मोजके असते. पावसाने ओढ दिली की धानाला एक-दोन पाणी द्यायचे, एवढीच त्यांची ऐपत. उन्हाळ्यात तलाव आटतो, बांधी तडकते, मातीखालचे पाणी खोल जाते. जमिनीला दरवर्षी विसावा मिळतो.

आता पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. विस्थापन, खर्च, दिरंगाई यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहायलाच हवे होते. पण कालव्याचे पाणी वीस-तीस वर्षे सलग मिळाल्यावर मातीचे काय होते, हा प्रश्न मागे राहिला. त्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा मोजून ठेवले आहे.

नीरेच्या काठी

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचे म्हणून नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले. १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूर हा ज्वारी-बाजरीचा, पावसाची वाट पाहणारा प्रदेश. तिथे पाणी आले, सासवडकडचे माळी उसाची विद्या घेऊन आले, आणि काही वर्षांत माळरानावर ऊस डोलू लागला. आपल्याकडच्या विकासकथा साधारण इथेच संपतात.

पुढची हकीकत अशी. पंचवीस वर्षांच्या आत कालव्याखालच्या सखल शेतांत पांढरा थर दिसू लागला. आधी ऊस पिवळा पडला, मग उगवेनासा झाला, मग शेत पडीक पडले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तांहणे यांनी हे सगळे तपासले आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील मिठाच्या जमिनींवर मुंबई सरकारच्या शेतकी खात्याची पुस्तिका प्रसिद्ध झाली. हे मान म्हणजे पुढे पिंपळे सौदागर गावाची आर्थिक पाहणी करणारे तेच गृहस्थ. शेतकऱ्याला आळशी ठरवण्याच्या त्या काळात त्यांनी आकडे काढून शेतकऱ्याची बाजू समजून घेतली, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे.

मीठ येते कुठून? कालव्याच्या पाण्यात ते थोडे असतेच, आणि काळ्या जमिनीच्या पोटातही असते. जोवर ते खोल आहे तोवर त्रास नाही. शेतात गरजेपेक्षा जास्त पाणी दिले आणि त्याला खाली वाट मिळाली नाही, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते. ती पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येते. ऊन ते पिऊन टाकते. मीठ उडून जात नाही, ते तिथेच राहते. दरवर्षी एक थर, त्यावर दुसरा.

खरे तर इंग्रजांना हे नवे नव्हते. १८५५ मध्येच पश्चिम यमुना कालव्यावरच्या, आजच्या कर्नाल जिल्ह्यातल्या मूनक गावच्या जमीनदारांनी तक्रार केली होती की कालवा आल्यापासून आमच्या जमिनीवर रेह चढतो आहे. पुढे त्यावर एक रेह कमिटीही बसली. त्याच कर्नालमध्ये १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तक्रार आणि संस्था यांत ११४ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात कालवे खोदणे थांबले नाही.

नीरेवर मात्र उपाय शोधला गेला. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात खास पाटबंधारे विभाग निघाला. सी. सी. इंग्लिस या अभियंत्याने पाणथळ झालेल्या जमिनींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि चर खोदून पाण्याला वाट करून देण्यावर भर दिला. त्याच विभागातून पुढे खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. आज मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांत शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड शेते पुन्हा लागवडीला आणत आहेत. हे काम खर्चिक आहे आणि एकट्याने होत नाही, कारण तुमच्या शेतातून निघालेले खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतातूनच पुढे जायचे असते.

मीठ खरवडणारी माणसे

इराकचा दक्षिण भाग म्हणजे दजला आणि फुरात यांच्यामधला सखल प्रदेश. जगातली सर्वांत जुनी कालव्याची शेती तिथली, आणि सर्वांत जुनी खारी जमीनही तिथलीच. १९५८ मध्ये जेकबसन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी मांडले की सुमेरी काळात तिथे गहू आणि सातू जवळपास सारखे पिकत, आणि पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत गहू जवळजवळ नाहीसा होऊन सातू उरला, कारण सातू मीठ जास्त सोसतो. या मांडणीवर पुढे वाद झाले, पण त्या जमिनीला मीठ लागले होते हे कोणी नाकारले नाही.

अब्बासी खिलाफतीत बसऱ्याच्या आसपास बड्या जमीनदारांनी पूर्व आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम या जमिनींवर लावले. त्यांना झंज म्हणत. त्यांचे काम एकच : वरचा मिठाचा थर फावड्याने खरवडायचा, ढीग रचायचे, खालची माती मोकळी करायची. ८६९ मध्ये अली इब्न मुहम्मद याच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड पुकारले आणि ते ८८३ पर्यंत चौदा वर्षे चालले. बगदादच्या वैभवाच्या कहाण्या आपण आवडीने सांगतो. त्याच वैभवाच्या पोटात बसऱ्याचे हे मीठ खरवडणारे लोक होते, हेही त्याच काळातल्या तबरीने तपशिलाने लिहून ठेवले आहे.

या बंडानंतर काही वर्षांतच, साधारण ९०४ मध्ये, इब्न वहशिया याने ‘अल-फिलाहा अन-नबतिया’ हा कृषिग्रंथ अरबीत आणला. त्यात खाऱ्या जमिनीचे प्रकार आणि उपाय यांची चर्चा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने आपल्या मोठ्या कृषिग्रंथात त्याचा भरपूर आधार घेतला. त्या परंपरेत माती पाण्यात भिजवून ते पाणी चाखून पाहायची पद्धत होती. आपल्याकडचे म्हातारे शेतकरी मातीचा खडा जिभेवर ठेवतात, तीच ही प्रयोगशाळा.

कोकणातल्या शेतकऱ्याने वेगळा मार्ग धरला. त्याने मीठ हटवण्याबरोबर मिठात टिकणारे बियाणे निवडले. रायगड-ठाण्याच्या खारजमिनीत बांध घालून समुद्राला अडवायचे, पहिल्या पावसाने जमीन धुऊ द्यायची आणि मग भात लावायचे. ‘काळा राता’ आणि ‘भुरा राता’ या लाल तांदळाच्या जाती त्यातूनच टिकल्या. शेतकी खात्याने त्यांतून निवड करून सुधारित वाण दिले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे ‘पनवेल’ नावाचे वाण त्यानंतरचे.

म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसाजवळ तीन उपाय होते : मीठ खरवडा, मीठ धुऊन चरातून बाहेर काढा, किंवा मीठ सोसणारे बी पेरा. तिन्ही उपायांत माती म्हणजे निर्जीव वस्तू आणि झाड एकटे, असेच गृहीत धरलेले होते. हे गृहीतक मोडायला सुरुवात झाली ती मिठाच्या अभ्यासातून नाही. ती झाली कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतून.

गाठींपासून निरोपापर्यंत

तूर, हरभरा, वाटाणा यांचे रोप उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. पूर्वी लोक त्यांना रोग समजत. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगल यांनी दाखवले की या गाठींमुळे कडधान्याला हवेतला नत्र मिळतो. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढला. १९०४ मध्ये लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळांभोवतीच्या जिवंत मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे स्वतंत्र नाव दिले.

पण एवढ्या मातीत जिवाणूला आपले झाड सापडते कसे, आणि झाड त्याला आत येऊ देते कसे? याचे उत्तर मिळायला १९९० साल उजाडावे लागले. फ्रान्समधल्या तुलूझच्या शास्त्रज्ञांनी लसूणघासावर काम करून तो निरोपच हातात धरला. झाड मुळांतून एक द्रव्य सोडते. ते ओळखून जिवाणू एक रेणू तयार करतो : साखरेच्या चार-पाच कड्यांची छोटी साखळी आणि तिला चिकटलेले स्निग्धाम्लाचे शेपूट. हा रेणू मुळाला लागला की मूळ आपली वाढ बदलते, वाकते, गाठ बांधायला घेते. प्रत्येक जिवाणूच्या रेणूची घडण थोडी वेगळी, म्हणून वाटाण्याचा निरोप सोयाबीनला कळत नाही. रसायनशास्त्रात त्याला लायपो-कायटो-ऑलिगोसॅकराइड म्हणतात. नाव अवघड आहे, पण आपण त्याला निरोप म्हणू. २०११ मध्ये त्याच तुलूझच्या गटाने मुळांवर राहणाऱ्या उपकारक बुरशीतही असाच रेणू दाखवला. ती बुरशी धानासह बहुतेक पिकांच्या मुळांवर राहते. तेव्हा ही भाषा फक्त कडधान्यांची उरली नाही.

जिवाणू आपसातही बोलतात. १९७० मध्ये समुद्रातल्या प्रकाशमान जिवाणूंचा अभ्यास करताना अमेरिकी शास्त्रज्ञांना दिसले की ते एकेकटे असताना चमकत नाहीत. संख्या पुरेशी झाली की सगळे एकदम चमकतात. प्रत्येक जिवाणू एक रेणू बाहेर सोडतो, त्याचे प्रमाण वाढले की आपण किती जण जमलो हे सगळ्यांना कळते. १९९४ मध्ये याला ‘क्वोरम सेन्सिंग’ असे नाव मिळाले. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव घेत नाहीत, तसेच हे. आणि मुळे ही सभा कान देऊन ऐकतात. २०२० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवले की अशा सभेतला एक रेणू गव्हाला दिला तर खाऱ्या पाण्यात गहू जास्त तग धरतो.

इथे मिठाचा आणि निरोपाचा रस्ता एकत्र येतो. मीठ झाडाला दोन बाजूंनी मारते. एक, मातीतले पाणी खारे झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. शेतात पाणी असून झाड तहानलेले राहते. दुसरे, सोडियम आत शिरतो आणि पोटॅशियमची जागा बळकावतो. या धक्क्याने झाड इथिलीन नावाचे संप्रेरक जास्त बनवू लागते आणि स्वतःच वाढ आखडून घेते, पाने गाळते. हे एका अर्थी झाडाचे घाबरणे आहे.

जिवाणू नेमके इथे हात घालतात. कॅनडातले बर्नार्ड ग्लिक आणि त्यांचे इस्रायली सहकारी यांनी २००४ मध्ये अरावाच्या कोरड्या, खारट मातीतून एक जिवाणू घेतला. तो इथिलीन ज्यापासून बनते तो कच्चा मालच खाऊन टाकतो. त्याच्या सोबतीने वाढलेली टोमॅटोची रोपे खाऱ्या पाण्यात इतरांपेक्षा चांगली वाढली. २००८ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी त्याहून नवलाची गोष्ट दाखवली. बॅसिलस जातीच्या एका जिवाणूचा नुसता वास, म्हणजे त्याने हवेत सोडलेली बाष्पे, रोपाला लागली तरी रोप आपले सोडियमचे दार मुळांत आवळते आणि पानांत उलट मोकळे करते. परिणामी अंगातला एकूण सोडियम कमी होतो. जिवाणूने मुळाला स्पर्शही केलेला नव्हता.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले डोनाल्ड स्मिथ यांच्या गटाचे काम विदर्भाच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल, कारण त्यात ‘बीटी’ आहे. बीटी कपाशीचे नाव आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ते नाव ज्याच्यावरून आले तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू स्मिथ यांच्या गटाला सोयाबीनच्या गाठीत सापडला. तो एक छोटे प्रथिन सोडतो, थुरिसिन १७. हे मुळात शस्त्र आहे. आपल्याच भाऊबंद जिवाणूंना मारण्यासाठी तो ते वापरतो. पण तेच शस्त्र झाडाला मात्र बळ देते. २००६ मध्ये त्याची ओळख पटली, आणि २०१६ मध्ये याच गटाने अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपावर दाखवले की थुरिसिन १७ किंवा गाठींचा तो निरोप दिला, तर खाऱ्या द्रावणातही प्रकाशसंश्लेषणाची आणि ऊर्जेची अनेक प्रथिने टिकून राहतात. थुरिसिनचे प्रमाण किती, तर एक लिटर पाण्यात सुमारे तीन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये तीन लाख लिटर द्रावण होईल. एवढे थोडे खत कधी कोणाला पुरले आहे? ही पोषणाची मात्रा नव्हे, ही इशाऱ्याची मात्रा आहे. मीठ अंगावर येण्याआधी झाडाला सावध केले जाते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मीठ वाढले की झाड आणि जिवाणू यांचे बोलणेच बिघडते. खाऱ्या जमिनीत कडधान्याच्या गाठी कमी होतात. काही जिवाणू मात्र उलट वागतात. कोलंबियातल्या मातीतून घेतलेला, राजम्याच्या मुळांवर गाठी करणारा एक रायझोबियम मिठात ठेवला की नेहमीपेक्षा जास्त निरोप सोडतो, इतका की झाडाने आधी हाक मारावी याचीही तो वाट पाहत नाही. गोंगाट वाढला की आपणही आवाज चढवून बोलतो.

बरसीम आणि लाखोळी

या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते इजिप्तने. नाईलच्या मुखाशी सखल, खारवट जमीन आहे. तिथले शेतकरी सातशेहून अधिक वर्षे एका शेतात उन्हाळ्यात भात आणि हिवाळ्यात बरसीम हे चाऱ्याचे पीक आलटून-पालटून घेत आले आहेत. खारी जमीन लागवडीखाली आणताना पहिल्या पिकांत बरसीम पेरायची रीतही तिथे आहे. बरसीम हा अरबी शब्द. ते पीक १९०४ मध्ये इजिप्तहून सिंधमध्ये आले आणि तिथून हिंदुस्थानभर पसरले. आपल्या दुधाच्या धंद्यात आज तो शब्द इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही.

१९९७ मध्ये युसूफ यान्नी हे इजिप्शियन संशोधक आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी प्रसिद्ध केले की बरसीमच्या गाठींत राहणारा रायझोबियम तिथल्या भाताच्या मुळांच्या आतही मुक्कामाला असतो. भाताला गाठी येत नाहीत, नत्राचा तो व्यवहार तिथे होत नाही. तरी तो आत राहतो, मुळांची वाढ सुधारतो, आणि शेतातल्या चाचण्यांत निवडक जातींनी उत्पन्नही वाढवले. सातशे वर्षांच्या फेरपालटीने दोन पिकांच्या मुळांत एक सामाईक भाडेकरू ठेवला, असे म्हणता येईल. कोणत्याही प्रयोगशाळेने हे घडवले नव्हते. ते फेल्लाहीन म्हणवणाऱ्या साध्या शेतकऱ्यांच्या सवयीतून घडले.

आता पुन्हा भंडाऱ्याच्या बांधीवर या. इथेही धानामागे एक कडधान्य येते : लाखोळी. धान पिवळे पडू लागले, बांधीत ओल आहे, अशा वेळी उभ्या धानातच तिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून होईपर्यंत लाखोळी मातीला धरून बसलेली असते. हिच्या डाळीवर लकव्याचा डाग आहे. दुष्काळात महिनोन्महिने फक्त तीच खाणाऱ्या गरिबांचे पाय लुळे पडत. मजुरी म्हणून हीच डाळ मिळणाऱ्या वेठबिगारांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. १९६१ मध्ये केंद्राच्या भेसळविरोधी नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. पेरणी मात्र थांबली नाही, आणि विषारी द्रव्य कमी असलेले वाणही पुढे निघाले. लाखोळीच्या गाठींतला रायझोबियम बरसीमच्या रायझोबियमचा सख्खा भाऊ आहे. दोघे एकाच जातीचे, फक्त यजमान वेगवेगळे. नाईलच्या काठी बरसीमने जे केले, त्याचा भंडाऱ्यातला जोडीदार शोधायचा तर याच मुळांत शोधावा लागेल. साकोलीला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, धानाचे वाण तिथून निघाले आहेत. धान-लाखोळीची मुळेही त्यांनी त्याच आस्थेने खणावीत, असे मला वाटते.

याचा अर्थ बाटलीतल्या जिवाणूने खारी जमीन गोडी होते असा कोणी काढू नये. बाजारात तसे सांगणारे आहेत आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की ते आधी पोचतात. निरोप झाडाला सावध करतो, मातीतले मीठ तो एक कणही बाहेर काढत नाही. सोडियम जिथल्या तिथे राहतो आणि पुढच्या वर्षी त्यावर आणखी थर चढतो. कर्नालच्या संस्थेनेही क्षार सोसणाऱ्या जिवाणूंची खते तयार केली आहेत, पण सुधारणेचा कणा म्हणून ती निचरा, जिप्सम आणि सहनशील वाण यांवरच उभी आहे. प्रयोगातले कुंडीतले रोप आणि पवनीतली बांधी यांत अंतर फार आहे. कुंडीत एक जिवाणू असतो, बांधीत त्याला हजारो जातींच्या गर्दीत जागा मिळवावी लागते.

भंडाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. ते सगळे पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात साठते. सांडपाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. तलावाचे पाणी पावसाचे होते, कालव्याचे पाणी एका महानगराला वळसा घालून येते. इथला पाऊस अजूनही मोठा धुणारा आहे, आणि बारामतीसारखी अवस्था उद्याच येईल असे मुळीच नाही. पण चर कुठून काढायचे, विहिरीतल्या पाण्याची पातळी दर पावसाळ्याआधी आणि नंतर कोणी मोजायची, मातीची क्षारता कोणत्या गावात तपासायची, हे पाणी शेतात पोचायच्या आधी ठरवायचे असते. नीरेवर ते पंचवीस वर्षांनी ठरले, तोवर शेते पडली होती.

आणि कालव्याबरोबर उन्हाळी धान येते. दोन पिके, दुप्पट पैसा. ज्याच्या घरात लग्नाला आलेली मुलगी आणि सोसायटीचे कर्ज आहे त्याला ते घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार मला नाही. फक्त हिशेबात हेही धरावे लागेल की मग बांधी वर्षभर पाण्याखाली राहते, उन्हाळ्याचा विसावा संपतो आणि मातीखालचे पाणी खोल उतरायला वेळ उरत नाही. लाखोळीलाही तिथे जागा राहत नाही, कारण तिच्या शेंगा भरायच्या दिवसांत त्या बांधीत दुसऱ्या धानाची रोवणी चालू असते.